ई-कचरा, नदीचा गाळ आणि ज्वालारोधक रसायने : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्वालारोधक रसायने म्हणजे काय आणि ती संगणकात कशासाठी घातलेली असतात?

संगणकाचे, टीव्हीचे किंवा प्रिंटरचे बाह्य आवरण खनिज तेलापासून बनवलेल्या प्लास्टिकचे असते आणि असे प्लास्टिक एकदा पेटले की भराभर जळते. उपकरणात वीज वाहते, भाग तापतात, एखादी ठिणगी पडण्याची शक्यता नेहमीच असते. म्हणून उत्पादक प्लास्टिक तयार करतानाच त्यात आग पसरू न देणारी रसायने मिसळतात. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधकांचे काम असे चालते : प्लास्टिक तापले की रेणूतील ब्रोमीन सुटा होतो आणि ज्वाला टिकवून धरणाऱ्या अतिक्रियाशील कणांना निष्प्रभ करतो, त्यामुळे आगीची साखळी तुटते. त्याला जोड म्हणून अँटिमनी ट्रायऑक्साइडही घालतात, आणि म्हणूनच ई-कचरा फोडला जातो त्या परिसरात ब्रोमीनयुक्त रसायनांच्या सोबतीने अँटिमनीही सापडतो.

यांचे प्रमाण चिमूटभर नसते. जुन्या टीव्हीच्या मागच्या आवरणात प्लास्टिकच्या वजनाच्या दहा ते पंधरा टक्के एवढे ज्वालारोधक असू शकत होते. ट्रकभर जुनी आवरणे एखाद्या गावात उतरतात तेव्हा त्यांच्यासोबत कित्येक किलो शुद्ध रसायन गावात येते, ही गोष्ट आरंभीच ध्यानात ठेवावी.

यांपैकी कोणती रसायने नदीच्या गाळात सापडतात?

सर्वाधिक अभ्यास झाला आहे तो पॉलिब्रोमिनेटेड डायफिनाइल ईथर या गटाचा. त्यांना संक्षेपाने पीबीडीई म्हणतात. ब्रोमीनचे अणू किती आणि रेणूवर कोणत्या जागी आहेत यावरून या गटात २०९ रेणू संभवतात आणि त्यांना क्रमांक दिलेले आहेत. बाजारात मात्र तीन मिश्रणे विकली जात : पेंटा, ऑक्टा आणि डेका. पेंटा मुख्यतः गाद्या व सोफ्यांच्या फोममध्ये, ऑक्टा संगणकाच्या आवरणांच्या एबीएस प्लास्टिकमध्ये आणि डेका टीव्हीच्या आवरणांत व कापडात वापरले जाई.

पीबीडीई प्लास्टिकमध्ये केवळ मिसळलेले असतात, रासायनिक बंधाने जोडलेले नसतात. वस्तू जुनी झाली, तापली, घासली गेली किंवा फुटली की ते बाहेर पडत राहतात. सर्किट बोर्डाच्या राळेत वापरले जाणारे टेट्राब्रोमोबिसफेनॉल-ए हे रसायन बहुतांशी राळेशी बांधलेले असते, त्यामुळे बोर्ड शाबूत असेपर्यंत ते तुलनेने जागेवर राहते. पण बोर्ड भाजला किंवा कुटला गेला की तेही सुटते. यांशिवाय हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन, क्लोरीनयुक्त डिक्लोरेन प्लस आणि अलीकडची फॉस्फरसयुक्त ज्वालारोधकेही गाळात आढळली आहेत.

या प्रदूषणाचे उदाहरण म्हणून चीनमधील गुईयूचेच नाव का घेतले जाते?

गुईयू हे ग्वांगडाँग प्रांतातील शान्तोऊ शहराच्या हद्दीतले गाव. भातशेतीचा, सखल आणि पुराचे पाणी चढणारा हा प्रदेश. शेतीवर भागत नव्हते, म्हणून लोक भंगार गोळा करण्याच्या धंद्यात उतरले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यापासून तिथे परदेशातून आलेला इलेक्ट्रॉनिक कचरा मोठ्या प्रमाणावर फोडला जाऊ लागला. फेब्रुवारी २००२ मध्ये बेसल ॲक्शन नेटवर्क आणि सिलिकॉन व्हॅली टॉक्सिक्स कोअलिशन या संस्थांनी अहवाल प्रसिद्ध करून तिथली परिस्थिती जगापुढे आणली. विहिरीचे व नदीचे पाणी पिण्याजोगे उरले नसल्याने सुमारे ३० किलोमीटरवरून टँकरने पाणी आणावे लागत होते, हेही तेव्हा समोर आले.

त्यानंतरच्या दशकात चीन आणि हाँगकाँगमधील शास्त्रज्ञांनी इथली माती, हवा, धूळ, गाळ, मासे आणि माणसांचे रक्त यांचा इतक्या बारकाईने अभ्यास केला की ई-कचऱ्याच्या प्रदूषणाविषयी जगाला जे काही कळले त्याचा मोठा भाग या एका गावातून आला. नानयांग नदी गुईयूजवळून वाहते. लियानजियांग ही या खोऱ्याची मोठी नदी सुमारे ७० किलोमीटर लांबीची असून ती दक्षिण चीन समुद्राला मिळते. या दोन नद्यांचा गाळ हा पुढील उत्तरांचा मुख्य आधार आहे.

कामगार नेमके काय करत होते, ज्यामुळे रसायने नदीत पोहोचली?

काम घराघरांत चालत असे. सर्किट बोर्ड कोळशाच्या शेगडीवर तापवून त्यावरचे डाख वितळवायचे आणि चिप सुट्या करायच्या. तापमान डाख वितळण्याइतके असले, तरी बोर्डाची राळ त्यात करपते आणि धूर व काजळी उठते. सुट्या केलेल्या चिप व बोर्डाचे तुकडे नदीकाठी नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लाच्या मिश्रणात बुडवून सोने काढले जाई आणि उरलेले आम्ल तिथेच ओतले जाई. तांब्यासाठी तारा उघड्यावर जाळल्या जात. आवरणांचे प्लास्टिक दळून, धुऊन, रंग व प्रकार पाहून वेगळे केले जाई. प्लास्टिक कोणते हे ओळखण्यासाठी कामगार तुकडा लायटरने पेटवून त्याचा वास घेत.

प्लास्टिक दळल्यावर उडणारी धूळ, धुण्याचे पाणी, जाळलेल्या बोर्डांची राख आणि विकले न जाणारे अवशेष या चारही गोष्टींचा शेवटचा मुक्काम नदीकाठ हाच होता. पाऊस पडला की काठावरचे ढीग पाण्यात ओघळत. गुईयूत जाळून उरलेल्या अवशेषांमध्ये पीबीडीईचे प्रमाण दर ग्रॅमला ३३,००० ते ९७,४०० नॅनोग्रॅम एवढे मोजले गेले आहे.

पाणी तपासण्याऐवजी गाळ का तपासायचा?

कारण ही रसायने पाण्यात राहतच नाहीत. ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके पाण्यात जवळजवळ अविद्राव्य आणि तेलात मात्र सहज मिसळणारी आहेत. पाण्यात पडल्याबरोबर ती सेंद्रिय कणांना, मातीच्या बारीक कणांना आणि विशेषतः काजळीला चिकटतात आणि त्या कणांसोबत तळाशी बसतात. म्हणून ई-कचऱ्याच्या वस्तीखालून वाहणाऱ्या नदीचे पाणी बाटलीत भरून तपासले आणि त्यात काही विशेष सापडले नाही, तर नदी शुद्ध आहे असा निष्कर्ष काढणे ही घोडचूक ठरते. आपल्याकडील नदी-तपासणी अजूनही प्रामुख्याने पाण्यातील प्राणवायू, जैविक प्राणवायू-मागणी आणि जिवाणू यांभोवती फिरते. त्या कसोट्या सांडपाण्यासाठी योग्य आहेत, पण ज्वालारोधकांच्या बाबतीत त्या आंधळ्या आहेत.

गाळाचा दुसरा गुण असा की तो वर्षानुवर्षे थरावर थर साठवत जातो. नदी जिथे संथ आहे, तळ ढवळला जात नाही, तिथे एक उभी नळी खुपसून गाळाचा स्तंभ बाहेर काढला की वहीची पाने उलटावीत तसा भूतकाळ वाचता येतो. थरांचे वय शिसे-२१० आणि सीझियम-१३७ या किरणोत्सारी समस्थानिकांवरून ठरवतात. सीझियमचे प्रमाण सर्वाधिक असलेला थर १९६३ च्या सुमाराचा, कारण तेव्हा वातावरणातील अणुचाचण्यांची धूळ सर्वाधिक पडत होती.

गुईयूच्या गाळात किती प्रमाण आढळले, आणि ते गंभीर आहे हे कशावरून म्हणायचे?

२००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नानयांग नदीच्या काठावरील गाळात पीबीडीईचे प्रमाण कोरड्या वजनाच्या दर ग्रॅमला सुमारे ४,४०० ते १६,००० नॅनोग्रॅम आढळले. त्याच नदीच्या तळाच्या गाळात ते ५५ ते ४४५ आणि लियानजियांगच्या तळाशी सुमारे ५१ ते ३६५ नॅनोग्रॅम होते. काठ आणि तळ यांतील हा प्रचंड फरकच सगळी कहाणी सांगतो. कचरा काठावर टाकला जात होता आणि तिथून तो थोडाथोडा प्रवाहात जात होता. साठा काठावर होता, म्हणजे पुढची कित्येक वर्षे प्रत्येक पुरागणिक नदीला पुरवठा होत राहणार होता.

नॅनोग्रॅम हा ग्रॅमचा अब्जावा भाग, त्यामुळे हे आकडे क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. तुलनेसाठी कॅनडाच्या केंद्र सरकारची गाळाविषयीची मार्गदर्शक मूल्ये पाहावीत : गाळात एक टक्का सेंद्रिय कार्बन धरून पाच ब्रोमीन अणूंच्या रेणूंसाठी ०.४ नॅनोग्रॅम आणि डेकासाठी १९ नॅनोग्रॅम दर ग्रॅम. ही मूल्ये गाळात राहणाऱ्या जीवांच्या संरक्षणासाठी आहेत. भारतात नदीच्या गाळातील ज्वालारोधकांसाठी अशी मर्यादा ठरवलेली नाही.

गाळातील रसायन ई-कचऱ्यातूनच आले, कारखान्यातून किंवा सांडपाण्यातून नव्हे, हे कसे ओळखतात?

निव्वळ एकूण प्रमाणावरून ओळखता येत नाही, कोणते रेणू कोणत्या प्रमाणात आहेत त्यावरून अंदाज बांधतात. चीनमधील पर्ल नदीच्या त्रिभुज प्रदेशात २००५ च्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या मोजणीत डाँगजियांग नदीच्या गाळात डेकाचा मुख्य घटक बीडीई-२०९ दर ग्रॅमला ७,३४० नॅनोग्रॅमपर्यंत सापडला. त्या खोऱ्यात इलेक्ट्रॉनिक वस्तू तयार करणारे कारखाने दाटीवाटीने आहेत आणि आशियात डेकाचाच वापर जास्त होता. त्याउलट गुईयूच्या नद्यांत बीडीई-४७ आणि बीडीई-९९ हे पेंटा मिश्रणाचे घटक ठळक दिसले. परदेशातून आलेल्या जुन्या मालाशी हे जुळते.

तरीही सावध राहावे लागते. बीडीई-२०९ चे ब्रोमीन झडून त्यापासून लहान रेणू तयार होतात, पुरात वेगवेगळ्या ठिकाणचा गाळ मिसळतो, आणि शहरी सांडपाण्यातूनही घरातील धूळ व कपड्यांमधली ज्वालारोधके येतातच. म्हणून शास्त्रज्ञ सोबत तांबे, शिसे, अँटिमनी, कथील यांचेही प्रमाण पाहतात. सर्किट बोर्डातील धातू आणि ज्वालारोधके एकाच नमुन्यात एकत्र वाढलेली दिसली, आणि वस्तीच्या वरच्या बाजूस ती नसली, तर निष्कर्ष भक्कम होतो. वस्तीच्या वरच्या बाजूचा नमुना न घेता केलेल्या पाहणीवर माझ्या मते फार विसंबू नये.

प्रयोगशाळेत हे मोजतात कसे?

तळाचा गाळ पकडीच्या उपकरणाने उचलतात, गोठवून कोरडा करतात, चाळतात आणि हेक्सेन व ॲसिटोनसारख्या द्रावकांनी त्यातील रसायने तासन्‌तास काढून घेतात. कुजलेल्या गाळात गंधक भरपूर असते आणि ते मोजणीत अडथळा आणते, म्हणून तांब्याची पूड घालून ते काढतात. मग सिलिकाच्या स्तंभातून अर्क गाळून वायू वर्णलेखन आणि वस्तुमान वर्णपटमापन यांच्या जोड यंत्रावर मोजणी होते.

खरी कसोटी बीडीई-२०९ ची. हा रेणू उजेडात मोडतो आणि यंत्राच्या उष्णतेतही मोडतो, त्यामुळे तपकिरी काचेची भांडी आणि यंत्रात आखूड नळी वापरावी लागते. ही काळजी न घेणाऱ्या प्रयोगशाळेचा आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो, आणि खर्च व कौशल्य दोन्ही लागत असल्याने आपल्याकडे ही चाचणी नेहमीच्या तपासणीत बसलेली नाही.

ही रसायने काळाच्या ओघात आपोआप नष्ट होत नाहीत का?

होतात, पण अतिशय सावकाश, आणि मोडल्यावर जे उरते ते अनेकदा अधिक त्रासदायक असते. नदीच्या तळाशी काळोख असतो, त्यामुळे सूर्यप्रकाश मदतीला येत नाही. प्राणवायू नसलेल्या थरांत काही जिवाणू ब्रोमीनचा एकेक अणू काढून टाकू शकतात. परंतु प्रयोगशाळेत २२ अंश सेल्सिअसला केलेल्या प्रयोगांवरून गाळातील बीडीई-२०९ निम्मा होण्यास ६ ते ५० वर्षे, सरासरी सुमारे १४ वर्षे लागतील असा अंदाज निघाला.

मोठा बीडीई-२०९ जीवांच्या शरीरात तुलनेने कमी शोषला जातो. त्याचे पाच-सहा ब्रोमीन गळून तयार झालेले लहान रेणू मात्र चरबीत सहज साठतात. म्हणजे गाळातील डेका कमी झाले ही बातमी ऐकल्यावर पुढचा प्रश्न हाच विचारायला हवा की त्याचे काय झाले.

गाळातून ते माणसापर्यंत कसे पोहोचतात, आणि शरीरावर काय परिणाम होतो?

गाळात राहणाऱ्या अळ्या, गोगलगायी आणि कोळंबी हा पहिला टप्पा. त्यांना खाणारे मासे हा दुसरा, आणि माशांना खाणारे साप, पक्षी व माणसे हा पुढचा. ग्वांगडाँगमधीलच छिंगयुआन या ई-कचऱ्याच्या दुसऱ्या केंद्राजवळच्या एका जलाशयात गोगलगाय, कोळंबी, कार्प जातीचे मासे, मरळीच्या कुळातला मासा आणि पाणसाप अशी संपूर्ण अन्नसाखळी तपासण्यात आली, तेव्हा काही पीबीडीई वरच्या पायरीवर वाढत जाताना दिसले. गुईयूच्या नद्यांतील माशांत स्नायूंपेक्षा यकृतात त्यांचे प्रमाण जास्त होते. त्यामुळे अशा पाण्यातला मासा कुणी खातच असेल, तर आतले अवयव आणि पोटाकडची चरबी काढून टाकणे निदान शहाणपणाचे आहे, जरी त्याने धोका संपत नाही.

कामगारांच्या शरीरात मात्र बराच भाग थेट धूर आणि धुळीतून जातो. २००७ च्या एका अभ्यासात गुईयूतील लोकांच्या रक्तातील पीबीडीईचे मध्यमान जवळच्या मासेमारी भागातील लोकांच्या साधारण तिप्पट निघाले, आणि एका व्यक्तीच्या रक्तात बीडीई-२०९ चरबीच्या दर ग्रॅमला ३,१०० नॅनोग्रॅम आढळला. माणसांत तोपर्यंत नोंदवलेले हे सर्वाधिक प्रमाण होते. बीडीई-२०९ रक्तातून सुमारे पंधरा दिवसांत निम्मा होतो. एवढ्या लवकर बाहेर पडणारे रसायन रक्तात इतके साचले होते, याचा अर्थ ते शरीरात रोज नव्याने ओतले जात होते.

पीबीडीईची रचना थायरॉइड ग्रंथीच्या संप्रेरकाशी मिळतीजुळती आहे, आणि म्हणूनच काळजी सर्वाधिक आहे ती गर्भाची आणि लहान मुलांची, कारण मेंदूची घडण त्या संप्रेरकावर अवलंबून असते. अमेरिकेतील अनेक पाहण्यांत गर्भावस्थेत अधिक पीबीडीईला सामोऱ्या गेलेल्या मुलांच्या बुद्ध्यंकात व एकाग्रतेत घट आढळली. या पाहण्या सहसंबंध दाखवतात, एकेका मुलाबाबत कारण सिद्ध करत नाहीत. शिवाय गुईयूसारख्या ठिकाणी मुलांच्या रक्तात शिसेही असते : तिथे एका पाहणीत ते दर डेसिलिटरला सरासरी १५.३ मायक्रोग्रॅम निघाले, शेजारच्या चेंदियान गावात ९.९४. कोणते विष किती नुकसान करते हे वेगळे काढणे अशा ठिकाणी जवळपास अशक्य असते, आणि त्या मुलांसाठी तो भेद महत्त्वाचाही नाही.

प्लास्टिक जाळून टाकले तर ज्वालारोधके नाहीशी होत नाहीत का?

उघड्यावर जाळल्यास नाही. कमी तापमानाच्या धुरकट आगीत पीबीडीईपासून ब्रोमीनयुक्त डायॉक्सिन व फ्युरान तयार होतात, ती मूळ रसायनांहून कितीतरी विषारी असतात आणि काजळीला चिकटून पुन्हा गाळातच येतात. ती नष्ट करायची तर अतिउच्च तापमानाची आणि धूर शुद्ध करणारी भट्टी लागते.

यांवर जगभर बंदी आहे ना? मग प्रश्न का उरतो?

बंदी आहे. युरोपीय संघात १ जुलै २००६ पासून नव्या विद्युत उपकरणांत पीबीडीईची मर्यादा ०.१ टक्के झाली. दीर्घकाळ टिकणाऱ्या सेंद्रिय प्रदूषकांविषयीच्या स्टॉकहोम या आंतरराष्ट्रीय करारात पेंटा व ऑक्टाचे मुख्य घटक २००९ मध्ये, हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन २०१३ मध्ये, डेका २०१७ मध्ये आणि डिक्लोरेन प्लस २०२३ मध्ये समाविष्ट झाले. भारताने हा करार १३ जानेवारी २००६ रोजी स्वीकारला आणि २०१८ च्या नियमांनी पेंटा व ऑक्टाचे घटक तसेच हेक्साब्रोमोसायक्लोडोडेकेन यांच्या उत्पादन, व्यापार, वापर व आयात-निर्यातीवर बंदी घातली.

पण बंदी नव्या उत्पादनावर असते. २००३ साली विकलेला टीव्ही माळ्यावरून भंगारात येईपर्यंत दोन दशके जातात, आणि बंदी आली म्हणून त्यातील रसायन कमी होत नाही. करारातच पेंटा व ऑक्टा असलेल्या वस्तूंच्या पुनर्वापरासाठी २०३० पर्यंतची सवलत काही देशांना दिली गेली. तिचा परिणाम असा की जुन्या टीव्हीचे काळे प्लास्टिक दळून नव्या वस्तूंत शिरले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २६ देशांतून गोळा केलेल्या खेळण्यांच्या तपासणीत बहुतांश नमुन्यांत ऑक्टा किंवा डेका आढळले. मला ही सवलत चुकीची वाटते, कारण विष पातळ करून वाटणे म्हणजे पुनर्वापर नव्हे.

आता वापरली जाणारी पर्यायी ज्वालारोधके सुरक्षित आहेत का?

सरसकट तसे म्हणता येत नाही. व्हिएतनामच्या हुंग येन प्रांतातील बुई दाऊ या ई-कचरा फोडणाऱ्या गावात २०१२ ते २०१४ या काळात घेतलेल्या माती व नदीगाळाच्या नमुन्यांत पीबीडीईसोबत फॉस्फरसयुक्त पर्यायी ज्वालारोधकेही सापडली. म्हणजे बाजारात जे येते ते काही वर्षांनी गाळात दिसते. यांतील काही लवकर मोडणारी आहेत, ही चांगली बाजू. काही मात्र पाण्यात अधिक विरघळतात, त्यामुळे त्यांच्यासाठी गाळाबरोबर पाणीही तपासावे लागते.

गुईयूतील धंदा हलवल्यावर नदी स्वच्छ झाली का?

२०१५ च्या अखेरीस घराघरांतील कामे बंद करून ती एका औद्योगिक संकुलात हलवण्यात आली, २०१८ पासून चीनने परदेशी कचऱ्याची आयात झपाट्याने आवळली आणि १ जानेवारी २०२१ पासून घनकचऱ्याची आयात पूर्णपणे बंद केली. गावातला धूर कमी झाला, नव्याने येणारे विष घटले, आणि हा बदल मोठा आहे. तरी २०१८ मध्ये केंद्रीय पर्यावरण निरीक्षकांनी लियानजियांगच्या अवस्थेवरून स्थानिक प्रशासनाला कडक शब्दांत फटकारले, कारण ई-कचऱ्याखेरीज वस्त्ररंगाईचे कारखाने आणि सांडपाणीही त्या नदीत जात होते. धंदा उठून गेला तरी गाळ उठून जात नाही. त्या पंधरा-वीस वर्षांचे थर तळाशी पडून राहतात आणि पूर, बांधकाम किंवा उपसा यांनी ढवळले जातात.

मग गाळ सरळ उपसून का टाकू नये?

उपसताना बारीक कण पाण्यात उधळतात, आणि रसायन त्या बारीक कणांनाच चिकटलेले असते. अमेरिकेतील हडसन नदीतून पीसीबी (पॉलिक्लोरिनेटेड बायफिनाइल) या जवळच्या गटातील रसायनांसाठी २००९ ते २०१५ या काळात सुमारे २१ लाख घनमीटर गाळ काढला गेला. त्यासाठी आधी वर्षानुवर्षे नकाशे तयार केले, उपसा चालू असताना पाण्यावर सतत लक्ष ठेवले आणि काढलेला गाळ पाणी निथळून कचरा पुरण्याच्या खास जागी पाठवला. इतकी तयारी नसेल, तर काही ठिकाणी गाळ स्वच्छ वाळू व कार्बनच्या थराखाली झाकणे अधिक हिताचे ठरते. काठावरचे राखेचे ढीग मात्र कोणत्याही परिस्थितीत आधी उचलावेत. नानयांगचे आकडे हेच सांगतात.

भारतात अशी ठिकाणे आहेत का? महाराष्ट्रात?

उत्तर प्रदेशातील मुरादाबाद हे सर्वांत ठळक उदाहरण. पितळेच्या कामासाठी प्रसिद्ध असलेल्या या शहरात देशभरातून सर्किट बोर्ड येतात, ते जाळून व कुटून धातू काढला जातो आणि उरलेली काळी राख रामगंगेच्या काठी टाकली जाते. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेने २०१५ मध्ये तिथल्या मातीतील व पाण्यातील जड धातूंचे प्रमाण समोर आणले. २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने रामगंगेच्या काठी असा कचरा टाकणाऱ्यास एक लाख रुपये दंडाचा आदेश दिला. बोर्डाची राख म्हणजे करपलेली ब्रोमीनयुक्त राळ, हे लक्षात घेता तिथे धातूंइतकीच ज्वालारोधकांचीही तपासणी व्हायला हवी.

महाराष्ट्र हे ई-कचरा निर्माण करणाऱ्या राज्यांत अग्रभागी आहे. मुंबईत कुर्ला, साकीनाका, धारावी या भागांत भंगाराचा जुना व्यवसाय आहे आणि मिठी नदी याच पट्ट्यातून माहीमच्या खाडीला जाते. दिल्ली, कोलकाता, मुंबई व चेन्नई या चार शहरांतील अनौपचारिक ई-कचरा ठिकाणांच्या मातीत पीसीबी आणि डायॉक्सिनची मोजणी शास्त्रज्ञांनी केलेली आहे. मिठीचा गाळ दर पावसाळ्यापूर्वी उपसला जातो. तो उपसताना काही नमुन्यांत ब्रोमीनयुक्त ज्वालारोधके मोजली, तर वेगळा खर्च फारसा न होता नदीची खरी स्थिती कळू शकेल, आणि गाळ कुठे टाकावा हा निर्णयही माहितीवर आधारलेला होईल.

नदीचा गाळ शेतात टाकणे सुरक्षित आहे का?

हा प्रश्न महाराष्ट्रात साहजिक आहे, कारण ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे तलावातला गाळ शेतात नेणे सर्वपरिचित झाले आहे. त्या योजनेतील गाळ धरण व तलावांच्या पाणलोटातून वाहून आलेली सुपीक माती असते. भंगार वस्त्यांखालच्या शहरी नदीचा किंवा नाल्याचा गाळ ही वेगळी वस्तू आहे. तो तपासल्याशिवाय शेतात, परसबागेत किंवा मत्स्यतळ्यात मुळीच टाकू नये. मुळांतून पिकात जाणारा भाग थोडा असला, तरी मातीतली धूळ, कोंबड्यांची अंडी आणि जनावरांचे दूध या वाटा उघड्या राहतात.

दोष भंगारवाल्यांचा नाही का?

नाही. रसायन त्यांनी बनवले नाही, वस्तूत घातले नाही, वस्तूवर त्याची खूणही नसते. २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील केवळ २२.३ टक्क्यांची रीतसर गोळा होऊन प्रक्रिया झाल्याची नोंद आहे. उरलेल्याचा भार ज्यांच्या हातांवर पडतो त्यांना हातमोजे, योग्य भाव आणि अधिकृत केंद्रांशी जोडणी हवी. पोलिसांच्या धाडींनी काम थांबत नाही, ते फक्त रात्री आणि नदीच्या अधिक जवळ होऊ लागते.

घरातला जुना संगणक किंवा टीव्ही द्यायचा कुठे?

२०२२ चे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत आणि त्यांनुसार विकलेल्या वस्तूंच्या प्रमाणात पुनर्प्रक्रिया करवून घेण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. म्हणून उत्पादकाचे संकलन केंद्र किंवा नोंदणीकृत पुनर्प्रक्रियाकार यांच्याकडेच वस्तू द्यावी आणि पावती मागावी. गृहनिर्माण संस्थांनी वर्षातून एकदा एकत्र संकलन केले, तर वाहतुकीचा खर्च वाटला जातो. देताना एक प्रश्न आवर्जून विचारावा : धातू काढून घेतल्यावर काळ्या प्लास्टिकचे तुम्ही काय करता? तांबे आणि सोन्याला गिऱ्हाईक नेहमी मिळते, ब्रोमीनयुक्त प्लास्टिकला मिळत नाही. ते वेगळे काढून नियंत्रित भट्टीत पाठवतो असे उत्तर कागदपत्रांसह मिळाले, तर ती वस्तू नदीकाठी पोहोचण्याची शक्यता बरीच कमी होते.